एक्सव्ही६, जीसीसी १३ आणि डब्ल्यू-एरर: वॉर्निंग ऐकायची की उडवायची?

अर्धा_बाइट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ओएसच्या लॅबसाठी सरांनी एक्सव्ही६ या एमआयटीच्या शिकवण्यापुरत्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमची एक जुनी प्रत दिली आहे, रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठीची. लॅबमधल्या मशीनवर उबुंटू २०.०४ आहे, तिथे मेक मारलं की सगळं सुरळीत. माझ्या लॅपटॉपवर २४.०४ आणि सी कंपायलर जीसीसी १३. इथे शेलची फाइल आली की गाडी अडते. रनसीएमडी नावाच्या फंक्शनवर बोट ठेवून कंपायलर म्हणतो, "इन्फिनिट रिकर्शन डिटेक्टेड". शेवटी ती नेहमीची ओळ: "ऑल वॉर्निंग्ज बीइंग ट्रीटेड अ‍ॅज एरर्स". आणि कोडला मी हातही लावलेला नाही.

आमच्या ग्रुपवर एकाने सांगितलं, मेकफाईलमधून डब्ल्यू-एरर (प्रत्येक वॉर्निंगला एरर मानायला लावणारा पर्याय) उडव आणि मोकळा हो. उडवलं. बूट झालं, शेलही चालतो. पण व्हायव्हात सरांनी विचारलं तर काय सांगू? ते फंक्शन खरंच अनंत फिरतंय का? आणि फिरत नसेल, तर ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांना प्रत्येक वॉर्निंगला एरर मानायची एवढी हौस का?

सदाशिवपेठी

बूट झालं ना? मग झालं. व्हायव्हात सरांनी विचारलं तर सांगायचं, "सर, सिलॅबसमध्ये नाही." (हलके घ्या.)

जुना_खांब

अर्धा_बाइट, फंक्शन उघडून बस, मग कळेल. रनसीएमडीला शेल एक झाड देतो: कमांड, पाइप, रीडायरेक्शन, अर्धविरामाची यादी, आणि अँपरसँडवाली मागे ढकललेली कमांड. स्विचमध्ये या पाचांसाठी पाच फांद्या आहेत. रीडायरेक्शनची फांदी फाइल उघडते आणि आतल्या कमांडसाठी रनसीएमडीलाच हाक मारते. यादीची फांदी फोर्क करून (प्रोसेसची दुसरी प्रत, म्हणजे मूल, बनवून) डावी बाजू मुलाकडे सोपवते, वाट बघते आणि उजवीसाठी पुन्हा स्वतःलाच बोलावते. पाइपात तेच, दोन फोर्क करून. साधी कमांड मात्र थेट एक्झेक करते, म्हणजे स्वतःच्या जागी दुसरा प्रोग्राम चढवते, आणि एक्झेक फसलं तर "फेल्ड" छापून खाली येते. फंक्शनच्या तळाशी एक्झिट आहे. झाड कुठेतरी पानापाशी संपतंच, त्यामुळे अनंत वगैरे काही नाही.

मग कंपायलर का ओरडतो? कारण या फंक्शनातून परत येणारी एकही वाट नाही. एकतर एक्झिट, नाहीतर स्वतःला हाक. एक्झिट "परत न येणारं" म्हणून आधीच जाहीर केलेलं आहे. जीसीसी १२ पासून ही तपासणी आली, आणि तिला एवढंच दिसतं की फंक्शन स्वतःला बोलावतंय आणि बाहेर पडायला दार नाही. निष्कर्ष चुकीचा, पण ज्यावरून काढला ती गोष्ट खरी.

उपाय एका ओळीचा. रनसीएमडीच्या आधी त्याचं डिक्लरेशन लिही आणि त्याला "परत येत नाही" असं सांगणारं नोरिटर्न अ‍ॅट्रिब्यूट लाव. एमआयटीच्या सध्याच्या प्रतीतही हेच केलेलं आहे. त्या फंक्शनच्या डोक्यावर "नेव्हर रिटर्न्स" अशी कॉमेंट पूर्वीपासून आहेच. जी गोष्ट माणसाला सांगितली होती, ती आता कंपायलरलाही सांगायची. डब्ल्यू-एरर परत जागेवर ठेव.

अर्धा_बाइट

दंडवत, खांबकाका! ओळ टाकली, डब्ल्यू-एरर परत लावलं, मुकाट्याने कंपाइल झालं.

पण मग सदाशिवपेठींचंच बरोबर ठरलं की. कोडमध्ये दोष नव्हता, कंपायलरचा गैरसमज होता. त्या गैरसमजापायी माझी एक संध्याकाळ गेली. असल्या पोकळ इशाऱ्यांना एररचा दर्जा देऊन मिळतं काय?

बोर्डबंधू

थांब, लगेच निकाल देऊ नकोस. अगदी अशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वॉर्निंगची गोष्ट सांगतो.

आम्ही एम्बेडेडवाले. चिपवाल्यांनी दिलेला जुना लिनक्स कर्नल आणि बिल्ड मशीनवर नवी डिस्ट्रो, हे आमचं कायमचं लग्न. २०२२ मध्ये जीसीसी १२ आला आणि एक्स८६चे जुने कर्नल बिल्ड व्हायचेच थांबले. गंमत म्हणजे कर्नलची एकही फाइल कंपाइल व्हायच्या आधी. कर्नलच्या झाडात (सोर्समध्ये) टूल्स नावाची डिरेक्टरी आहे, त्यात ऑब्जटूल हे मदतनीस टूल आहे, ते आधी बिल्ड मशीनच्या कंपायलरने बनतं आणि त्याला डब्ल्यू-एरर लावलेलं असतं. एरर होती: रीअ‍ॅलॉकनंतर पॉइंटर वापरला जाऊ शकतो, यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे परत केलेली मेमरी वापरणं.

इंटरनेटवर सगळीकडे एकच उपाय: यूज-आफ्टर-फ्रीची वॉर्निंग बंद करा, पुढे चला. आता कोड बघ. एक्सरीअ‍ॅलॉक नावाचं चिमुकलं फंक्शन, मेमरीचा आकार बदलून घेणारं. ते रीअ‍ॅलॉक बोलावतं. नल (रिकामा पॉइंटर) आलं आणि मागितलेला आकार शून्य असेल, तर त्याच जुन्या पॉइंटरवर पुन्हा रीअ‍ॅलॉक बोलावतं, या वेळी आकार एक. लिहिणाऱ्याच्या मनात होतं की काही लायब्ररी शून्य आकारावर नल देतात, तर आपण एक बाइट मागून घेऊ. पण जीलिबसीमध्ये (लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत) शून्य आकाराचा रीअ‍ॅलॉक म्हणजे फ्री. मेमरी परत गेली, नल आलं, आणि पुढच्याच ओळीत तोच मेलेला पॉइंटर पुन्हा रीअ‍ॅलॉकच्या हातात. म्हणजे वॉर्निंग अक्षरशः खरी होती! प्रत्यक्षात तिथे कुणी शून्य पाठवत होतं का, तो भाग वेगळा. कर्नलवाल्यांनी २०२२ च्या सुरुवातीलाच ते फंक्शन सोपं करून टाकलं: एकदाच रीअ‍ॅलॉक, जमलं नाही तर मर. जुन्या स्टेबल शाखांतही तो पॅच गेला.

तुझ्या शेलची वॉर्निंग खोटी, ही खरी. स्क्रीनवर दोन्ही सारख्याच दिसतात. कोड वाचल्याशिवाय फरक कळत नाही, आणि बिल्ड अडल्याशिवाय कोड कुणी वाचत नाही.

सदाशिवपेठी

बोर्डबंधू, मान्य. पण तो दोष शोधला तो कर्नलवाल्यांनी. तुमच्यासारखे जे शेकडो लोक अडले त्यांनी काय केलं? वॉर्निंग बंदच केली ना? मग त्यांना अडवून कुणाचं भलं झालं? ज्याला तो कोड दुरुस्त करायचा अधिकार नाही आणि वेळही नाही, त्याच्या गळ्यात धोंड कशाला?

म्युनिकची_मैना

सदाशिवपेठींनी नेमकं वर्मावर बोट ठेवलंय. लिनक्सवाले यावरच २०२१ मध्ये एकदा चांगले तापले होते.

त्या सप्टेंबरात ५.१५ ची मर्ज विंडो (नवे बदल आत घ्यायचा काळ) उघडी असताना लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांनी एक कमिट टाकली: सगळ्या कर्नल बिल्डना डब्ल्यू-एरर, आणि तेही बाय डिफॉल्ट चालू. त्यासाठी कॉन्फिग-वेरर असा पर्याय आणला. त्याआधी पॉवरपीसीसारख्या काही आर्किटेक्चरनी आणि एखाद्या ड्रायव्हरने आपापल्या कुंपणात तो नियम ठेवला होता. आता तो सगळ्या गावाला लागू झाला. त्यांच्या स्वतःच्या बिल्डमध्ये वॉर्निंग नसतेच, लोकांकडून येणाऱ्या झाडांमधून मात्र ती येत राहते, हे दुखणं जुनं.

दुसऱ्याच दिवसापासून तक्रारी. क्लँग हा दुसरा कंपायलर वापरणारे, बत्तीस बिटवाले, अल्फा आणि एम६८के या जुन्या प्रोसेसरवाले, सगळ्यांचे बिल्ड लाल. कुठे स्टॅक फ्रेम (एका फंक्शनची तात्पुरती जागा) ठरलेल्या मर्यादेबाहेर (ती मर्यादा ६४ बिटवर २०४८ बाइट, ३२ बिटवर १०२४). कुठे ठरावीक पत्त्यावरून वाचणारा कोड: जीसीसी ११ ला वाटतं की या पॉइंटरमागे शून्य बाइटचीच वस्तू आहे, मग त्यातून मेमकॉपी कशी करतोस? अल्फावर बूटलोडर कमांड लाइन ठरलेल्या पत्त्यावर ठेवून जातो, हे जीसीसीला कोण सांगणार? त्याच महिन्यात कर्नलमध्ये अ‍ॅब्सोल्यूट-पॉइंटर नावाचा मॅक्रो आला तो यासाठीच.

काही दिवसांतच डिफॉल्ट बदललं. आता कंपाइल-टेस्ट (फक्त बिल्ड होतं का ते तपासायचा पर्याय) चालू असेल तरच वेरर आपोआप लागतं, एरवी नाही. म्हणजे ऑलमॉडकॉन्फिग (शक्य ते सगळं मॉड्यूल म्हणून चालू) करणारे टेस्टवाले आणि बॉट यांच्यासाठी कडक, तुमच्या-आमच्यासारख्या स्वतःपुरता कर्नल बांधणाऱ्यांना मोकळीक. मला हा तोडगा पटतो. ज्याच्याकडे दुरुस्त करायची ताकद आहे त्यालाच अडवायचं.

पाइपवाली_पूर्वा

+१ मैना. वाखु (वाचनखूण) साठवली.

अवांतर: कुणी हौसेने ऑलमॉडकॉन्फिग मारत असेल तर ते झाल्यावर, बिल्डच्या आधी, जनरल सेटअपमध्ये जाऊन "कंपाइल द कर्नल विथ वॉर्निंग्ज अ‍ॅज एरर्स"ची खूण काढा. नाहीतर कर्नलच्या स्क्रिप्ट्स डिरेक्टरीत कॉन्फिग नावाची स्क्रिप्ट आहे, तिला डिसेबल वेरर सांगा. टूल्समधल्या पर्फला (वेग मोजायच्या टूलला) हे लागू नाही, त्याच्या मेकला वेरर बरोबर शून्य असं वेगळं द्यावं लागतं. मी यावर बरंच डोकं आपटलं आहे.

डेमॉन_देशपांडे

लिनक्सवाल्यांचे हे वाद वाचून आम्हा बीएसडीवाल्यांना (युनिक्सचं दुसरं घराणं) हसू येतं. ओपनबीएसडीचा कर्नल डब्ल्यू-एररनेच बिल्ड होतो आणि कुणाची झोप उडत नाही. कारण? कंपायलर झाडातच आहे. फ्रीबीएसडीमध्ये १०.० पासून बेस सिस्टिममधला क्लँगच डिफॉल्ट कंपायलर असतो. कंपायलर नवा आणायचा तर आणणाराच झाडातल्या वॉर्निंग निस्तरतो आणि मग आत घेतो. लेकरांपर्यंत लाल बिल्ड पोचतच नाही. शिवाय फ्रीबीएसडीत वॉर्न्स नावाची पायरी आहे, शून्यापासून सहापर्यंत. जुन्या, गबाळ्या प्रोग्रामला खालची पायरी, नव्याला वरची. आणि कुणाला बाहेरचा कंपायलर वापरायचाच असेल तर एसआरसी-कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये विदाउट-वेरर लिहायचं आणि स्वतःच्या जबाबदारीवर पुढे जायचं.

तुमच्याकडे कर्नल एकाचा, कंपायलर दुसऱ्याचा, डिस्ट्रो तिसऱ्याची. मग भांडणं होणारच.

बोर्डबंधू

देशपांडे, चिमटा पोचला, पण मुद्दा सोळा आणे खरा. अँड्रॉइडवालेही तेच करतात: कर्नलबरोबर ठरावीक क्लँगच देतात. आम्हीही आता बिल्ड कंटेनरमध्ये कोंडलाय, जीसीसीची आवृत्ती गोठवलेली, आणि त्या आवृत्तीवर डब्ल्यू-एरर कडक. बाहेर ग्राहकाला सोर्स देताना मात्र ते बंद करूनच देतो. ग्राहकाच्या मशीनवर उद्या कुठला कंपायलर असेल ते आम्ही ठरवत नाही, मग त्याच्या वॉर्निंगवर आमचा बिल्ड का मरावा?

थोडक्यात अर्धा_बाइट, कंपायलर कोण निवडतं ते आधी विचार. जो निवडतो त्याच्याच हातात हे बटण शोभतं.

सदाशिवपेठी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

जुना_खांब

एक मोठा धोका अजून कुणी बोललं नाही. डब्ल्यू-एरर लावलं की लोक वॉर्निंग दुरुस्त करत नाहीत, गप्प करतात. आणि गप्प करण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे व्हेरिएबलला बरोबर शून्य.

एका कामावर पाहिलेला ड्रायव्हर. आयटूसी बसवरचे तापमानाचे सेन्सर मोजणारं फंक्शन. वर रेट नावाचं व्हेरिएबल, मग फॉर लूप, प्रत्येक सेन्सरला विचारायचं, उत्तर रेटमध्ये, शेवटी रेट परत. कंपायलर म्हणाला, रेट कदाचित न भरताच वापरला जाईल. कुणीतरी जाहीर करतानाच बरोबर शून्य केलं. वॉर्निंग गेली, रिव्ह्यूही झाला. पुढे एक बोर्ड आला ज्याच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरच्या यादीत) एकही सेन्सर नव्हता. लूप शून्य वेळा फिरला, फंक्शनने शून्य दिलं, शून्य म्हणजे यश! पंख्याचा कोड खूश, तापमानाच्या रिकाम्या तक्त्यावरून पंखा चालवत बसला. तिथे ऋण ईनोडेव्ह ("असं डिव्हाइस नाही") परत जायला हवं होतं. कंपायलरने विचारलं होतं, "लूप फिरलाच नाही तर?" प्रश्न बिनतोड होता, उत्तर न देता त्याचं तोंड दाबलं.

कर्नलमध्ये यासाठी एक मॅक्रोही होता, अनइनिशियलाइज्ड-व्हार. आत काय, तर एक्स बरोबर एक्स. व्हेरिएबलला स्वतःचीच किंमत द्यायची, कंपायलर गप्प. २०२० मध्ये ५.९ त तो मुळासकट उपटला. पण दुसरी बाजूही सांगतो: त्याच वर्षी जीसीसीची मेबी-अनइनिशियलाइज्ड वॉर्निंग टोरवाल्ड्स यांनी साध्या बिल्डमधून बंद करून टाकली, कारण खोट्या आरोळ्या फार. क्लँगची त्याच जातीची तपासणी मात्र चालू राहिली, ती बरीच शहाणी आहे. म्हणजे प्रत्येक वॉर्निंगची लायकी वेगवेगळी असते. सरसकट "सगळ्या एरर" किंवा सरसकट "सगळ्या माफ", दोन्ही आळशीपणा.

पाइपवाली_पूर्वा

खांबकाका, डेबियनचं ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) प्रकरणही याच माळेतलं ना? तिथे वॉर्निंग कंपायलरची नव्हती, व्हॅलग्राइंडसारख्या मेमरी तपासणाऱ्या टूलची होती. न भरलेली मेमरी वाचतोय म्हणून ती ओळ काढली, आणि तिच्यासोबत यादृच्छिकता मिसळणारी ओळही गेली. २००६ पासून मे २००८ पर्यंत डेबियन-उबुंटूवर बनलेल्या किल्ल्या मोजक्याच शक्यतांतल्या, कारण फरक पाडणारं काय उरलं तर प्रोसेस आयडी, तोही ३२,७६८ पर्यंतच.

जुना_खांब

अगदी. तोंड दाबायचा अतिरेक.

सदाशिवपेठी

आता हे वाचून सगळे वॉर्निंगला घाबरायला लागतील. तोल साधायला उलटं उदाहरणही हवं. २०१४ चं अ‍ॅपलचं "गोटू फेल" आठवा. तीच ओळ चुकून दोनदा, दुसरी इफच्या बाहेर, त्यामुळे सही तपासायचा कोड कधी चाललाच नाही. क्लँगमध्ये अनरीचेबल-कोडची वॉर्निंग होती, पण ती डब्ल्यू-ऑलमध्ये (नेहमीच्या वॉर्निंगच्या गठ्ठ्यात) येत नाही. म्हणजे डब्ल्यू-ऑल आणि डब्ल्यू-एरर दोन्ही लावून बसला असता तरी बिल्ड हिरवाच. जीसीसीने चुकीच्या इंडेंटेशनची वॉर्निंग २०१६ मध्ये, ६ व्या आवृत्तीत आणली. "माझ्याकडे एकही वॉर्निंग नाही" म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी आधी कुठल्या वॉर्निंग चालू आहेत ते बघावं.

म्युनिकची_मैना

सदाशिवपेठी चक्क आमच्या बाजूने! धागा सार्थकी लागला.

ताजं उदाहरण एप्रिल २०२५ चं. जीसीसी १५ आला, कंपायलरला नवा चष्मा लागला. आता चार खान्यांच्या कॅरेक्टर अ‍ॅरेत चार अक्षरांची स्ट्रिंग ठेवली की तो म्हणतो, शेवटचा नल (स्ट्रिंग संपल्याची खूण) कुठे बसवलास? कर्नलमध्ये असे अ‍ॅरे मुद्दाम असतात. एसीपीआयच्या (हार्डवेअरची माहिती देणाऱ्या) तक्त्यांची सही चारच अक्षरांची असते, तिला नल नकोच. अशा जागी नॉनस्ट्रिंग अ‍ॅट्रिब्यूट लावायचं असतं. टोरवाल्ड्स यांनी मशीन फेडोरा ४२ वर नेलं आणि ६.१५ च्या आरसी-३ या तिसऱ्या चाचणी आवृत्तीच्या तोंडावर काही ठिकाणी ते अ‍ॅट्रिब्यूट लावून शेवटी ती वॉर्निंगच बंद केली. यावर कर्नलच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या केस कुक (Kees Cook) यांच्याशी त्यांची चांगली खडाजंगी झाली, कारण कुक यांची दुरुस्ती पुढच्या आवृत्तीसाठी आधीच रांगेत होती. म्हणजे खुद्द झाडाच्या मालकालाही नव्या कंपायलरने अडवलं की तो आधी वाट मोकळी करतो.

पाइपवाली_पूर्वा

अर्धा_बाइट, तुझ्या लॅबसाठी कामाचं तेवढं सांगते. एखादीच वॉर्निंग छळत असेल तर सगळं डब्ल्यू-एरर उडवू नको. डब्ल्यू-नो-एरर बरोबर त्या वॉर्निंगचं नाव, असं दे. वॉर्निंग दिसत राहील, बिल्ड अडणार नाही. आणि वॉर्न-अनयूज्ड-रिझल्ट (किंमत वापरली नाही तर इशारा देणारी खूण) लावलेल्या फंक्शनची परतकिंमत व्हॉइड कास्ट करून फेकता येईल असं वाटत असेल तर जीसीसी ऐकत नाही, आधीच सांगते. कर्नलमधलं मस्ट-चेक म्हणजे हेच. तिथे किंमत तपासावीच लागते.

अर्धा_बाइट

सगळ्यांचे आभार. काल गंमत म्हणून एक प्रयोग केला. नोरिटर्न लावलेलं तसंच ठेवून रनसीएमडीच्या तळाचं एक्झिट काढून टाकलं. लगेच बिल्ड अडला: "नोरिटर्न फंक्शन डझ रिटर्न". लॅबमधल्या जीसीसी ९ वरही तेच. अ‍ॅट्रिब्यूट काढलं आणि एक्झिटही नाही, असं करून पाहिलं तर जीसीसी १३ एक अक्षर बोलत नाही, कारण आता फंक्शनला परतीची वाट आहे. पण शेलमध्ये नसलेल्या कमांडचं नाव टाकलं की फोर्क झालेलं पोर रनसीएमडीतून परत मेनच्या लूपमध्ये येतं आणि स्वतःच प्रॉम्प्ट छापून बसतं. एकावर एक दोन शेल. बाहेर पडायला दोनदा कंट्रोल-डी.

जुना_खांब

आता व्हायव्हाला बिनधास्त जा. सरांना दोन्ही बिल्ड करून दाखव, आणि जमलं तर तो एका ओळीचा पॅच लॅबच्या प्रतीत घालायला सांग. पुढची बॅच २४.०४ वरच असणार.

सदाशिवपेठी

आणि सरांनी "सिलॅबसमध्ये नाही" म्हटलं तर इथे येऊन कळव. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).